ऋतू, ताट आणि बाजार



 ऋतूप्रमाणे खाण्याबद्दल हल्ली दोन प्रकारची भाषणं ऐकू येतात. एकात काय खाल्लं की कोणता आजार पळतो याची यादी असते. दुसऱ्यात आजीचं स्वयंपाकघर असतं, चूल असते आणि हरवलेल्या चवींबद्दल हळहळ असते. दोन्ही ऐकायला बरी वाटतात, पण ती ऐकून उद्याच्या पिशवीत वेगळी भाजी येत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की ऋतूप्रमाणे जेवणं हे जेवणाऱ्याच्या इच्छेवर कमी आणि पिकवणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. ताटातला ऋतू हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधीचे टप्पे मोडले, तर पथ्याच्या पुस्तकांनी तो परत येणार नाही.

सुरुवात शास्त्रापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिसरा. वर्षाचे सहा ऋतू. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ, म्हणजे सूर्य शरीराचं बळ खेचून घेतो तो काळ. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाळ, बळ परत मिळण्याचा. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून दूधदुभतं, उसाचे पदार्थ, स्निग्ध अन्न आणि नव्या तांदळाचा भात चालतो. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून जुनं धान्य आणि उकळलेलं पाणी. वाग्भट आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि दुसऱ्याचे पहिले सात दिवस हा संधिकाळ. या दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची.

अग्नी आणि दोष यांची परिभाषा बाजूला ठेवून हे पुन्हा वाचा. हेमंतात नवा तांदूळ सांगितला, कारण हेमंताच्या तोंडावर भात कापून घरात येतो. पावसाळ्यात जुनं धान्य सांगितलं, कारण तेव्हा पीक शेतात हिरवं असतं आणि घरात जुन्याखेरीज काही नसतं. वैद्याचा सल्ला आणि कणगीतली शिल्लक यांचा मेळ इथे बसलेला दिसतो. शेतीच्या हिशेबाला धरून नसलेला पथ्याचा नियम फार दिवस टिकला नसता.

हा हिशेब सर्वसामान्य घरांपर्यंत पोथीतून पोचला नाही. तो पोचवला पंचांगाने आणि सणांनी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. अधिक महिना धरला नसता तर १६ वर्षांत दसरा मागे सरकत सरकत एप्रिलच्या उन्हात आला असता. मग दाराला बांधायला भाताच्या लोंब्या कुठून आणल्या असत्या? अधिक महिन्यामुळे सण पिकाला बांधलेला राहतो. म्हणून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हं असतं, कारण कैरी त्याच वेळी आंबट आणि करकरीत असते. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. त्यामुळे त्या दिवशी अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, कणीस, सुरण असं परसात हाताने लावलेलं आणि भाद्रपदात ऐन भरात असलेलं सगळं एका पातेल्यात येतं. कोकणात नवान्नाला नवा तांदूळ देवापुढे ठेवतात, दिवाळीला नव्या भाताचे पोहे करतात, गोड, तिखट, दह्यातले, दुधातले. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगं, बोर यांची लेकुरवाळी भाजी. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस. त्या दिवशी सारं गाव शेतात जेवतं आणि शेतातच पिकलेल्या ओल्या दाण्यांची भज्जी, आंबिल, उंडे खातं. शहरं त्या दिवशी अक्षरशः ओस पडतात.

याच पंचांगातला कांदा-वांग्याचा नियम मला सर्वांत बोलका वाटतो. आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचं पिठलं असं पोटभर खायचं आणि दोनच दिवसांनी चातुर्मास सुरू झाला की कांदा, लसूण, वांगं बंद. पाळणाऱ्या घरात वांगं परत येतं ते चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्यातून. धर्मात याची कारणं काहीही दिलेली असोत, शेतातली पाहा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघून चाळीत पडतो. पावसाळी दमट हवेत तो सडायला आणि कोंब धरायला लागतो. नवा खरीप कांदा यायला दिवाळी उजाडते. पावसाळ्यात वांग्याला शेंडे आणि फळं पोखरणारी अळी छळते. थंडीत तेच वांगं तुळतुळीत आणि गोड होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा खरा हंगाम थंडीचा, म्हणजे चंपाषष्ठीच्या आगेमागेच. उपासाचा नियम आणि पिकाचं वेळापत्रक इतकं जुळत असेल, तर तो नियम करणाऱ्यांना शेत चांगलं ठाऊक होतं एवढं तरी मान्य करावं लागतं.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण ऋतूचं खरं राज्य तिथे आहे. पहिला पाऊस पडायच्या सुमारास ठाणे, पनवेल, कर्जत, पालघरच्या बाजारात शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले जांभळट कोंब, जुडी बांधून विकायला ठेवलेले. ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून हैराण व्हायला होतं, म्हणून भाजीवाली सोबत काकडं देते. ही काकडी नव्हे. रानातली आंबट फळं. त्यांच्या आंबटाने खाज मरते. शेवळं घेऊन काकडं न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विकणारी बाई हटकते, आणि शेवळांची पाककृती खरी तिथेच शिकवली जाते. मग टाकळा येतो. तो कोवळा असेपर्यंतच खायचा. फूल धरलं की संपला. कुर्डू, कवळा, फोडशी, भारंगी, दिंडा येतात, श्रावणाच्या आसपास कर्टुली. प्रत्येकीची मुदत थोडकी. यांतली बहुतेक कोणी पेरत नाही, पाणी देत नाही, खत घालत नाही. कातकरी, ठाकर, वारली बायका पहाटे डोंगर चढून ती खुडतात आणि दुपारपर्यंत विकून परततात. यांना भाजीवाल्या म्हणणं अपुरं आहे. कुठली पानं, कुठल्या पावसात, किती बोटं लांब झाल्यावर खुडायची, कशाबरोबर शिजवायची आणि कोणत्या सारख्या दिसणाऱ्या झाडाला हात लावायचा नाही, ही विद्या त्यांच्याजवळ आहे. कृषी विभाग ऑगस्टात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, ही चांगली गोष्ट. पण वर्षातून एकदा फीत कापायची आणि उरलेले दिवस याच बायकांना पदपथावरून उठवायचं, हे दोन्ही एकाच शहरात चालतं.

समुद्राचाही ऋतू असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा कायदा अलीकडचा. कोळीवाड्यांचा रिवाज जुना. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटायच्या, तोवर सोडे, सुकट, जवळा, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा. खवळलेल्या समुद्रात जिवाला धोका आणि अनेक माशांच्या विणीचा काळ, दोन्ही कारणं एकाच वेळी जुळून येतात.

पण प्रत्येक जुनी ऋतुरीत निसर्गाला जपणारी असते असं मानू नका. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला पाणी आलं की गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाविरुद्ध शेतापर्यंत चढतात. त्याला रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात. ते मासे अंडी घालायला चढत असतात, आणि नेमके त्याच वेळी धरले जातात. आठ-दहा घरं टोपलीने धरत होती तोवर भागत होतं. आता बारीक आसाची जाळी आडवी लागतात आणि ओढ्यात पुढच्या वर्षाची वीणच उरत नाही. म्हणजे ताजं, गावचं आणि हंगामातलं, या तिन्ही कसोट्यांना उतरणारं अन्नही चुकीचं असू शकतं.

जुन्या काळाबद्दल दुसरी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण ज्याला ऋतुमान म्हणून गौरवतो, ते अनेकांच्या वाट्याला टंचाई म्हणून आलं होतं. आषाढ-श्रावणात जुनं धान्य संपलेलं आणि नवं लांब. भूमिहीन घरात रानभाजी ही चोखंदळपणाने निवडलेली चव नव्हती. भाकरीचा तुकडा लहान झाला म्हणून पातेल्यात पाला वाढवलेला असे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. तिला कोणता ऋतू होता? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. तो भाग रानभाज्यांचं माहेरघर आहे. नुसत्या पाल्यावर मूल वाढत नाही, त्याला धान्य, डाळ, तेल, अंडं लागतं. तेव्हा ऋतूचं गुणगान करताना रेशनचं दुकान आणि अंगणवाडीचा आहार यांना कमी लेखणारा माणूस मला अप्रामाणिक वाटतो. ज्याचं पोट बारा महिने भरलेलं आहे, त्यालाच ऋतूची निवड करता येते.

म्हणूनच आपल्या समाजाने ऋतूप्रमाणे खाण्याइतकीच मेहनत ऋतूवर मात करण्यासाठी केली. चैत्र-वैशाखात अंगणं भरायची ती कशाने? देशावर कुरडया, पापड, सांडगे, शेवया, बाजरीच्या खारोड्या. कोकणात आमसुलं, फणसाची साठं, राखेत किंवा मातीत ठेवलेल्या आठळ्या, सुकवलेली मासळी. ज्वारी पेवात, भात कणगीत. कोकम पिकतं ते एप्रिल-मेमध्ये. पाऊस लवकर आला तर फळं झाडावरच वाया जातात, आणि वर्षभराची आंबट सोय बुडते. या सगळ्या बेगमीचं काम बायकांनी केलं, भर उन्हात, पाठ मोडेपर्यंत, आणि त्याची मजुरी कुणी मोजली नाही. आज नोकरी करणाऱ्या मुलीने कुरडया घालाव्यात अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः गव्हाचा चीक हाटून पाहावा. बचतगटाच्या बायका हे काम करून रास्त दराने विकत असतील, तर ते विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही.

साठवण जुनी आहे, तशी हंगाम वळवण्याची कलाही जुनी आहे. फळबागायतदार बहार धरतो. झाडाला ठरावीक काळ पाण्याचा ताण द्यायचा, पानं गळू द्यायची आणि मग पाणी सोडून हव्या त्या वेळी फुलवायचं. डाळिंबाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार आहेत. नागपुरी संत्र्याला आंबिया आणि मृग. एकाच झाडाची संत्री कधी दिवाळीच्या सुमाराला तर कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात, ती शेतकऱ्याने पाणी आणि बाजार पाहून घेतलेल्या निर्णयामुळे. शिवाय ऋतू जागेप्रमाणे बदलतो. हिरवा वाटाणा म्हटलं की आपण थंडी म्हणतो, पण पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात येतो आणि गोडीला उत्तरेच्या वाटाण्याला हार जात नाही. ज्वारीचं पाहा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी रब्बीत ओलाव्यावर वाढते, पौष-माघात तिच्या मळ्यांत हुरड्याच्या आगट्या पेटतात. त्याच दिवसांत अलिबागकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात कोंडून पोपटी लागते. थंडी तीच, ताट मात्र मातीप्रमाणे वेगळं. सिडनीतल्या मराठी घरात संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. तिथे तिळगूळ स्नेहाखातर जरूर द्यावा. पण थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून तीळ खातो, हे त्या मुलांना कसं पटावं? त्यांनी तिथल्या जानेवारीत तिथली फळं खावीत, तेच ऋतूला धरून होईल.

मग तक्रार आहे तरी कशाबद्दल? शीतगृहाबद्दल नाही. काश्मीर-हिमाचलचं सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतं आणि साठवणीतलं मे महिन्यात खाल्लं तरी बिघडत नाही. कणगीचंच ते नवं रूप आहे. तक्रार आहे ती बारा महिने, सगळीकडे, तेच दहा जिन्नस मागण्याच्या आपल्या सवयीबद्दल. टोमॅटो, फ्लॉवर, सिमला मिरची, बटाटा, वाटाणा. लग्न कोणत्याही महिन्यातलं असो, भाजी पनीरची. या एकसुरी मागणीची किंमत कोण मोजतं ते २०२३ साली दिसलं. मे महिन्यात भाव पडले म्हणून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले. जुलै-ऑगस्टात तोच टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला आणि शहरात हाहाकार झाला. खरं तर श्रावणातल्या मराठी स्वयंपाकाला टोमॅटोची गरज कधीच नव्हती. आमटीला आमसूल होतं, अळूला चिंच होती, आंबट चुका होता, अंबाडी होती. ज्या महिन्यात टोमॅटो भरभरून येतो त्या महिन्यात तो भरपूर घ्यायचा, आणि येत नाही त्या महिन्यात चिंचेकडे वळायचं, एवढं ग्राहकांनी केलं असतं तर दोन्ही टोकं थोडी तरी बोथट झाली असती.

दुसरी किंमत बियाण्याची. जे विकलं जात नाही ते पेरलं जात नाही, आणि जे पेरलं जात नाही त्याचं बी दोन-चार वर्षांत रुजण्याची ताकद गमावतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात, भाजीपाला यांची गावरान बियाणी जमवली, पेरली, वाटली. त्या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा अर्थ आपण लक्षात घेतला पाहिजे. बी डब्यात जपून भागत नाही, ते दर हंगामात मातीत जावं लागतं, आणि मातीत जायला त्याच्या शेंगेला गिऱ्हाईक लागतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी नाचणीची बिस्किटं पुष्कळ निघाली. पण नाचणीची भाकरी किती घरांत वाढली, हा प्रश्न विचारायला हवा, कारण डोंगरउतारावरचा शेतकरी बिस्किटाच्या किमतीवर जगत नाही, नाचणीच्या भावावर जगतो.

तिसरी गोष्ट, ऋतूच आता डळमळीत झाला आहे. मोहोर धरताना अवकाळी पाऊस, फळ पोसताना उष्णतेची लाट. कोकणातल्या हापूस बागायतदाराला विचारा. अशा वेळी सगळा भरवसा एकाच पिकावर आणि एकाच हंगामावर ठेवणं धोक्याचं. ताटात वैविध्य असेल तर शेतात वैविध्य राहतं, आणि शेतात वैविध्य असेल तर एक पीक बुडालं तरी घर उभं राहतं.

श्रोतेहो, वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांमुळे पथ्यं असणाऱ्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. माझ्या मागण्या बाजारापुरत्या आहेत, आणि त्या तिघांकडे आहेत.

महापालिका आणि नगरपालिकांकडे पहिली. पावसाळ्यात रानभाजी विकणाऱ्या बायकांना मंडईत छत असलेली, पट्टी न देता बसता येईल अशी जागा द्या. त्यांचा माल संध्याकाळपर्यंत टिकत नाही. भिजत बसून तो विकता येत नाही.

दुसरी शाळा, वसतिगृहं आणि उपाहारगृहं चालवणाऱ्यांकडे. आठवड्यातून एक जेवण तरी त्या जिल्ह्यात, त्या महिन्यात निघालेल्या मालाचं करा. ठरलेली मोठी खरेदी मिळाली तर शेतकरी वालही पेरील आणि नाचणीही.

तिसरी तुमच्याकडे. पंधरवड्यातून एकदा भाजीवालीला यादी सांगू नका. आज काय चांगलं आलंय, ते कसं करायचं, हे तिला विचारा, ती सांगेल ते घ्या आणि घासाघीस न करता पैसे द्या. हंगामाच्या भरात भाव पडलेला असतो तेव्हा जास्त घ्या, वाळवा, मुरवा, शेजाऱ्याला द्या. हंगाम संपला की त्या जिनसेवाचून काही महिने काढा. मुलांना ऋतूंची नावं पाठ करायला लावण्यापेक्षा टाकळा कधी येतो आणि कधी संपतो हे बाजारात नेऊन दाखवा. ज्या भाजीला पुढच्या वर्षी गिऱ्हाईक असेल तीच पुढच्या वर्षी बाजारात येईल, आणि ते गिऱ्हाईक होणं तुमच्या-माझ्या हातात आहे.